केळीचं पारायण

माझं मराठी चांगलं आहे असं मला लहानपणापासून सगळे सांगत आले, आणि मीही कधी कुणाला खोटं पाडलं नाही. शाळेत निबंधाला बक्षीस, कॉलेजात वक्तृत्वाची ढाल, लग्नात उखाण्याला टाळ्या. त्यामुळे जळगावातल्या एका रोपवाटिका कंपनीने शेतकऱ्यांसाठी पुस्तिका लिहायचं काम मला दिलं, तेव्हा कंपनीचं नशीब उघडलं असंच माझं मत होतं. ही कंपनी केळीची टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं विकते. रोपांबरोबर प्रत्येक शेतकऱ्याला एक पुस्तिका फुकट मिळते. ती माझी.

'शेतकरी बंधूंनो' अशी तिची सुरुवात होती. मग प्रास्ताविक, केळीचं महत्त्व, हवामान, जमिनीची निवड, मशागत, लागवड, पाणी, खतं, आणि सगळ्यात शेवटी रोग आणि किडी. कसं ओळीत. एकेक वाक्य घासूनपुसून लावलेलं. 'रोगग्रस्त झाडांचे समूळ उच्चाटन करून त्यांची योग्य विल्हेवाट लावावी' हे वाक्य मला इतकं आवडायचं की एकदा चहाच्या वेळी मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. लेखा विभागातल्या एका गृहस्थांनी वा म्हटलं होतं. त्यांच्याकडे केळीचं एकही झाड नव्हतं, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

नवी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा कंपनीने नाशिकहून एक डिझाइनर मुलगी आणली. वयाने माझ्या निम्मी असेल. मला वाटलं, मुखपृष्ठावरचा घड जरा तुकतुकीत काढील आणि जाईल. तिने पुस्तिका चाळली, टेबलावर पालथी ठेवली आणि विचारलं, "मॅडम, हे वाचताना तुम्ही कुणाला पाहिलंय?"

"वाचताना म्हणजे?"

"म्हणजे कोण वाचतं, कुठे बसून, कधी, हातात दुसरं काय असतं?"

"शेतकरी वाचतात. शेतात," मी म्हटलं.

"हे तुम्ही पाहिलंय, की तुम्हाला वाटतं?"

मला राग आला. आला तर आला, लपवणं माझ्या स्वभावात नाही. मी तिला सांगितलं की माझं माहेर रावेर तालुक्यातलं आहे, मी केळीच्या पानावर जेवून वाढले आहे, मला शेतकरी दाखवू नकोस. ती शांतपणे म्हणाली, याला डिझाइन थिंकिंग म्हणतात. नाव ऐकूनच मला जांभई आली, पण गोष्ट साधी होती. ज्याच्यासाठी करायचं त्याच्याकडे आधी जाऊन नुसतं पाहायचं. त्याची खरी अडचण एका वाक्यात लिहायची. मग सुचतील तेवढे उपाय काढायचे, त्यातला एक कच्चा, कागदाचा, स्वस्तातला करून त्याच्या हातात द्यायचा आणि पुन्हा पाहायचं. फसला तर बरंच, कच्च्यातच फसला.

"आमच्याकडे याला मीठ चाखून बघणं म्हणतात," मी म्हटलं.

"हो, पण इथे मीठ तुम्हीच चाखताय. जेवणाऱ्याने अजून तोंडात घातलंच नाही."

वर तिने आणखी एक अट घातली. पाहायला जाल तेव्हा समजावून सांगायचं नाही. लोक चुकीचं समजले तरी गप्प बसायचं. घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, बाकी सगळं तुला जमेल.

पाहायला लांब जायचं नव्हतं. त्या वर्षी माझ्या माहेरीच आमच्या कंपनीची रोपं लागली होती.

माझ्या भावाला धुळ्याला एका कारखान्यात पक्की नोकरी लागली होती. घरी राहिले आबा, म्हणजे माझे वडील, आणि वहिनी. आबांचे गुडघे गेलेले. खाटेपासून ओट्यापर्यंत चालणं हाच त्यांचा प्रवास. भाऊ गेल्यावर लगेच आमचा चुलतभाऊ आला. त्याचं शेत आमच्या बांधाला लागून. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याचं ओझं उचलायची त्याला फार हौस, विशेषतः त्या ओझ्यात वीस टनांचा माल असेल तर. तो आबांना म्हणाला, "वावर मले बटाईनं द्या. अर्धं तुमचं, अर्धं माहं. वहिनीले कायले तरास?"

कुणी विचारलं नव्हतं, तरी वहिनी चुलीपासून म्हणाली, "बाग मी करीन."

आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "आखाजीपावतर पाहू." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या भागात सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, ठेवायचा, वाटे ठरवायचे, वर्षभराचे शब्द द्यायचे ते सगळं आखाजीला. तोवर बाग उभी राहिली तर वहिनीची. नाही राहिली तर पुढच्या वर्षापासून चुलतभावाला बटाईने, आणि वहिनी धुळ्याला भावाच्या खोलीवर.

वहिनीने मला फोनवर एकदाच सांगितलं होतं, "धुयाले जाऊन मी काय करू ताई? खोलीत बसून भिताडं पाहू?" लग्न झाल्यापासून ती त्या शेतात निंदत होती, खत टाकत होती, केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं कापत होती. पण पाणी कधी सोडायचं, कोणतं खत, कोणती फवारणी, हे सगळं भाऊ ठरवायचा. स्वतःच्या मनाने एक बाग उभी करायची, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिच्याकडे काय होतं, तर माझी पुस्तिका. हे मनात आलं की मला आधी अभिमान वाटायचा. त्या श्रावणात रावेरला जाऊन आले आणि मग काळजी वाटायला लागली.

मी गेले तेव्हा दोघं शेतातच होती. बांधाकडेच्या खोलीत खाट टाकून आबा बसलेले. सकाळी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून येत आणि दुपारी तसेच परत जात. पुस्तिका खिळ्याला टांगलेली होती. कोपऱ्याला भोक पाडून त्यात सुतळी ओवली होती. माझ्या गुळगुळीत, महागाच्या कागदाला भोक! पण घातलेली अट आठवली आणि मी खाटेच्या कडेला बसले. आबांनी चष्मा लावला, पुस्तिका कपाळाला लावली आणि वाचायला सुरुवात केली.

"शेतकरी बंधूंनो."

"हां," लांबून आवाज आला. माझा बंधू पदर खोचून पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा होता आणि ठिबकची नळी साफ करत होता.

आबांनी प्रास्ताविक वाचलं. केळीचं महत्त्व वाचलं. हवामान वाचलं. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून 'म्हंजे' म्हणत आणि त्याचा अर्थ सांगत, घरी सकाळी पोथीचा सांगत तसाच. रोज एक अध्याय. पोथीत मधलं पान उघडायचं नसतं, सुरुवातीपासून वाचायचं असतं. आणि मधे खंड पडला तर पारायण मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. त्या श्रावणात पाऊस दर दोन-तीन दिवसांनी येत होता. पाऊस आला की शेतात येणं नाही, वाचन नाही, की पुन्हा 'शेतकरी बंधूंनो'.

वहिनी पाणी प्यायला आली तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, केयी मांड्यांपावतर आल्या, अन् आबा आजून जमीनच निवडू राह्यले."

मला हसू आलं आणि रडूही. मी विचारलं, "तू स्वतः का नाही वाचत गं?" तिने हात पुढे केले. चिकाने काळे झालेले, बोटांच्या पेरांपर्यंत. केळीचा चीक कशानेच जात नाही. "हात असे. पानं चिकटतात. अन् आबाले बरं वाटते वाचलं का. तेवढंच त्यायचं काम हाये बागेत." मी आबांकडे पाहिलं. ते बोटाने ओळ धरून पुढचा अध्याय आधी स्वतःशी पुटपुटून बघत होते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या पुस्तिकेला दोन माणसं लागतात. एक वाचतं, दुसरं ऐकतं, आणि काम ऐकणारं करतं. मी आजवर लिहिलेलं एकही वाक्य ऐकण्यासाठी लिहिलं नव्हतं.

मग वहिनीने सहज सांगितलं की परवा काही झाडांच्या पानांवर पिवळ्या रेघा दिसल्या. तिने आबांकडे लकडा लावला, शेवटी त्यांनी पुस्तिकेला हात जोडून मधलं सोडलं आणि मागचा भाग काढला. तिथे माझं लाडकं वाक्य होतं. रोगग्रस्त झाडांचे समूळ उच्चाटन करून त्यांची योग्य विल्हेवाट लावावी. आबांनी अर्थ सांगितला, मुळासकट उपटायचं आणि योग्य ठिकाणी लावायचं. वहिनीने तशी आठ-दहा झाडं उपटली.

मला बरं वाटलं. वाक्याने काम केलं होतं. मी विचारलं, "मग टाकलीस कुठे?"

"टाकू कायले? भाऊजींकडे आज सत्यनारायण हाये. चौरंगाले बांधाले लहान केयी लागतात ना. चार तठी दिल्या. बाकी गल्लीत दिल्या, बठ्ठ्यायकडे, घरोघर, पूजाच चालू हाये."

तिच्या बाजूने पाहिलं तर चुकलं काहीच नव्हतं. श्रावणात घरोघर सत्यनारायण, चौरंगाच्या चार पायांना चार कोवळ्या केळी हव्यात. उपटलेली केळ उकिरड्यावर फेकणं आमच्याकडे कुणाला सुचायचंही नाही. देवाच्या चौरंगापेक्षा योग्य विल्हेवाट ती कोणती? पण त्या पिवळ्या रेघा म्हणजे हरण्या. हा रोग मावा नावाची बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झाड उपटून दुसऱ्याच्या दारात उभं केलं, तर कीड तिथल्या बागेत जायला मोकळी. उपटलेलं झाड तिथल्या तिथे पुरावं लागतं. हे मला माहीत होतं. माझ्या पुस्तिकेत 'विल्हेवाट' या शब्दात ते कोंबून बसवलेलं होतं.

दुपारी आम्ही चुलतभावाकडे पूजेला गेलो. त्याचं घर मळ्यातच, ओट्यावरून उडी मारली तर केळीच्या बागेत. चौरंगाच्या चार कोपऱ्यांना आमच्या चार केळी डौलात उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या पानावर पिवळ्या रेघा होत्या. कथा चालू होती. सगळे हात जोडून बसले होते आणि मी पानं बघत होते. प्रसादाचा शिरा आला, तूप सुटलेला, वेलदोड्याचा. तो हातात धरूनच मी रेघा मोजत होते. मला भीती वाटत होती, खरी भीती, वहिनीसाठी.

घरी येताना बांधावर मी नियम मोडला आणि तिला सगळं सांगितलं. ती चालता चालता थांबली. "म्हंजे वावर गेलं का ताई?" एवढंच म्हणाली. मी घाईघाईने सांगायला लागले की हे माझ्या वाक्यामुळे झालं, मी असं लिहायला नको होतं, मी तसं लिहायला हवं होतं. तिने माझा हात धरला. "तुमचं वाक्य मंग पाहू. आता काय करा लागीन ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः चुलतभावाकडे गेली. पूजा हलवलेलीच होती. तिने त्याला तोंडावर सांगितलं की केळी रोगाच्या होत्या, मला कळलं नाही, परत द्या. गल्लीतल्या घरांतूनही तिने एकेक गोळा केली. बांधाच्या आत खड्डा खणून आम्ही दोघींनी सगळ्या पुरल्या आणि वर माती लोटली. चुलतभाऊ वरून बघत उभा होता. मग तो आबांकडे जाऊन म्हणाला, "म्हनून म्हनत व्हतो, बाग बाईमानसाचं काम नही." पुढे त्याच्या बागेतही हरण्या आला. आमच्या झाडांमुळे की आपला आपण, देव जाणे. त्या वर्षी अख्ख्या शिवारात होता. पण शब्द निघायचा तो निघाला, आणि आबा त्यावर काही बोलले नाहीत. ते वहिनीला जास्त लागलं.

जळगावला परत आले ती मी थेट त्या नाशिकच्या मुलीकडे गेले. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिने भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला आणि म्हणाली, अडचण एका वाक्यात लिहा. मी लिहिलं, 'वाचणारे खाटेवर, करणारी चिखलात, तिचे हात चिकाने भरलेले, आणि तिचा प्रश्न आत्ताचा.' आयुष्यात लिहिलेलं हे माझं पहिलं उपयोगी वाक्य असावं.

मग आम्ही पुस्तिका मोडली. जमिनीची निवड काढून टाकली, कारण पुस्तिका रोपांबरोबर मिळते आणि रोपं घेणाऱ्याने जमीन निवडलेलीच असते. हे एवढी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. उरलेल्याची सुटी पानं केली. प्रत्येक पानाचं नाव म्हणजे डोळ्यांना जे दिसतं ते. 'पानावर पिवळ्या रेघा दिसल्या.' 'पान कडेने वाळलं.' 'नवं पान उलगडत नाही.' एका वाक्यात एक काम. वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. हे तपासायला मी संध्याकाळी नवऱ्याला स्वयंपाकघरात उभं करायची, पाठ माझ्याकडे, हात कणकेत. मी वाचायची आणि त्याने काय करायचं ते सांगायचं. त्याने 'काय म्हणालीस?' म्हटलं की वाक्य नापास. त्या काळात आमच्याकडे पोळ्या वाईट झाल्या, पण वाक्यं सुधारली.

हरण्याच्या पानावर मी लिहिलं, 'पूजेलाही देऊ नका.' कंपनीचे साहेब म्हणाले, हे काढा, लोकांच्या भावना दुखावतील. मी म्हटलं, लोक दुखावतील की केळी जाईल ते आधी ठरवा. वाद वाढला. शेवटी त्या मुलीने विचारलं, मग लोकांनी पूजेला काय द्यावं? आणि वाक्य आपोआप आलं: 'पूजेला निरोगी झाड द्या.' साहेब खूश, मी खूश. आधीच्या वाक्यापेक्षा ते कितीतरी चांगलं होतं, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

नवरात्रात मी आणि ती मुलगी सुटी पानं घेऊन रावेरला गेलो. प्लास्टिक चढवलेली, चिकाला न घाबरणारी. आबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "सुरुवात कोनती?"

मी तोंड उघडलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

आबांनी पानं मांडीवर जुळवली, वरचं पहिलं मानलं, कपाळाला लावलं आणि वाचायला लागले. वहिनीला हवं होतं खालचं. ती बिचारी नांग्या भरायची सोडून, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावायची सोडून, उभी राहिली. सगळं पुन्हा जिथल्या तिथे. मी तळहातात नखं रुतवून बसले होते. मुलीने मात्र आबांच्या खाटेशी बसून विचारलं, "आबा, मधलंच पान वाचलं तर काय होतं हो?"

"दोष लागते," आबा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर केळीचे ट्रक बघत होती. सावद्याच्या पुढे आल्यावर म्हणाली, "मॅडम, प्रत्येक पानावर लिहू या, हे पहिलं पान आहे."

"खोटं आहे ते," मी म्हटलं.

"ज्याच्या झाडावर आज रेघा दिसल्या, त्याच्यासाठी तेच पहिलं ना?"

मी भुसावळपर्यंत वाद घातला आणि जळगाव येईपर्यंत हरले. पुढच्या खेपेला प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत होतं, 'हे पहिलं पान आहे. इथूनच वाचा.' आबांनी एक पान वाचलं. दुसरं काढलं, तेही पहिलं. तिसरं काढलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बठ्ठी पह्यलीच?"

"हो आबा."

त्यांनी चष्मा नीट बसवला. मग गठ्ठ्यातून वहिनीला हवं होतं ते पान स्वतः शोधून काढलं आणि वाचायला लागले. मला इतका आनंद झाला की मी खोलीबाहेर जाऊन उगाच पाटात हात धुऊन आले.

'शेतकरी बंधूंनो'चं काय करायचं यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली. बंधू आणि भगिनी लिहावं, मित्रांनो लिहावं, कुणी म्हणालं बळीराजा लिहावं. सुट्या पानांवर ते कच्च्यात लिहायचं राहूनच गेलं होतं. आबांनी वाचताना तिथे आपल्या मनाने 'सूनबाई, ऐक' म्हणायला सुरुवात केली होती. ते ऐकून मी ती जागा मोकळीच ठेवली. ज्याने त्याने आपल्या माणसाला हाक मारावी.

थंडी आली. रावेरची थंडी केळीला सोसत नाही, पानं होरपळल्यासारखी होतात. त्याचं पान आबांनी मागूनच घेतलं होतं आणि दिवाळीपासून रोज आभाळाकडे बघून ते वर-खाली करत होते. वहिनीने पाण्याच्या वेळा बदलल्या, वाऱ्याच्या बाजूला शेवरीचं कुंपण दाट केलं. भाऊ धुळ्याहून रविवारी फोन करायचा. तिकडच्या लोकांत राहून त्याची बोली बदलत चालली होती. "बठ्ठं बरं शे ना?" असं त्याने विचारलं की आबा फोन वहिनीकडे देत आणि म्हणत, घे, धुयाचा पावना बोलू राह्यला. भावाने सुरुवातीला काय करायचं ते सांगायचा प्रयत्न केला. वहिनी हो हो म्हणायची आणि फोन ठेवून पानावरचं करायची. पुढे तो विचारायला लागला.

होळीच्या आधी बाग निसवली, म्हणजे फुलावर आली. झाडामागून झाडाने केळफुलाचं कमळ बाहेर काढलं, मग फण्या उलगडल्या. वहिनी मला फोनवर फक्त एवढंच म्हणाली, "या पाहाले." आवाजावरून मला कळलं.

आखाजीला लेकी माहेरी जातात, तशी मीही गेले. त्या दिवशी वहिनीने पहाटे खापरावरचे मांडे केले, आमरस केला आणि जेवण डब्यात भरून आम्ही शेतातच नेलं. आबांची तशी इच्छा होती. बागेत शिरल्यावर ऊन दिसत नव्हतं. घड टेकूला टेकलेले, एकेक असा भरलेला की मी खालून जाताना उगाच वाकत होते. जेवणं झाली. आबांनी खाटेवर अंग टाकलं नव्हतं, ते बसूनच होते. कशाची वाट बघताहेत ते मला माहीत होतं, वहिनीलाही माहीत होतं. ती भांडी घासायला पाटाकडे गेली नाही, दाराशीच बसून घासत होती.

चुलतभाऊ बांधावरून आला. त्याला रस दिला, तो त्याने सावकाश प्यायला. वाटी खाली ठेवून म्हणाला, "आबा, आखाजी झाली."

"झाली," आबा म्हणाले.

"मंग वावराचं कसं म्हनता?"

आबांचा स्वभाव असा की दिलेला शब्द ते पाळतात, पण शब्दाचा अर्थ कुठला लावतील ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी चष्मा पुसला.

"मले कायले इचारतो?" ते म्हणाले. "मी वाचनारा मानूस. बाग तिनं केली. तिले इचार."

आमच्या घरात जमिनीबद्दल कुणी बाईला विचारायला सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. चुलतभाऊ वहिनीकडे वळला. ती उठून उभी राहिली, हात राखेने भरलेले. तो तिच्याकडे बघत राहिला, मग तिच्यामागे बागेकडे, घडांकडे. त्याला जे विचारायचं होतं ते तो विसरला की त्याने गिळलं, मला सांगता येणार नाही. त्याने विचारलं, "वहिनी, यंदा मृगात मी बी तुमच्यावानी रोपंच लावीन म्हनतो. हरण्या दिसला का तुमी करतात काय?"

मी मनातल्या मनात माझं पान म्हणायला लागले. आबांनी गठ्ठ्याकडे हात नेला. वहिनी म्हणाली, "राहू द्या आबा." आणि चुलतभावाला म्हणाली, "रेघ दिसली का उपटाचं, भाऊजी. उद्यावर नही ठेवाचं. तठीच तोडाचं, तठीच पुराचं. देवाले चांगलं झाड द्याचं."

माझ्या पानावर आणखी दोन वाक्यं होती. तिने ती सोडून दिली आणि काहीही अडलं नाही. चुलतभावाने मान हलवली, तिने सांगितलेलं ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं, पाणी मागितलं, प्यायला आणि बांधावरून आपल्या शेतात गेला. बटाईचं नाव त्याने काढलं नाही.

तो दिसेनासा झाल्यावर आबा खाटेवर आडवे झाले. डोळे मिटून म्हणाले, "सूनबाई, मृगाची रोपं सांगून ठेव. उशीर नको."

"सांगली, आबा," वहिनी भांडी विसळत म्हणाली. "मांगच्या आठवड्यातच सांगली."

तिने आम्हाला कुणालाच विचारलं नव्हतं.